वडिलांना चालण्याचे बूट भेट देताना

वडिलांच्या आरोग्यासाठी काही द्यायचे म्हटले की सुकामेव्याची सजवलेली पेटी आणि पावले मोजणारा मनगटी पट्टा हेच सल्ले मिळतात. पेटी नातवंडे संपवतात आणि पट्टा चार्जिंगविना कपाटात पडून राहतो. प्रौढांनी आठवड्याला किमान 150 मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा, ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस चालण्याने सहज पाळता येते, म्हणून मापाचे बूट हीच भेट मी योग्य मानतो.

खरी अडचण मापाची आहे. निपाणी-अथणी भागातील अनेक वडीलधाऱ्यांचे आयुष्य कोल्हापुरी चपलेत गेलेले असते, आणि वर्षानुवर्षे मोकळा राहिलेला पंजा अरुंद बुटात कोंबला की पहिल्याच आठवड्यात करंगळीला फोड येतो. ‘जुन्या बुटाचा नंबर पाहून घ्या’ हा सल्ला तर मुळीच ऐकू नये, कारण तो जोड बहुधा कुणाच्या तरी लग्नापुरता घेतलेला असतो.

माप संध्याकाळी घ्यावे, कारण दिवसभरात पाय थोडे सुजतात. वडिलांना कागदावर उभे करावे, कारण अंगाचा भार पडल्यावरच पाऊल पूर्ण पसरते. पावलाभोवती रेघ ओढताना पेन्सिल अगदी उभी धरावी. ती तिरकी झाली की टोक तळव्याखाली सरकते आणि माप कमी भरते. लांबी टाचेपासून सर्वांत लांब बोटापर्यंत मोजावी (कित्येकांचे अंगठ्याशेजारचे बोटच लांब असते), चवड्याची रुंदीही लिहावी आणि दोन्ही पावलांपैकी मोठ्याचे माप धरावे. ब्रिटिश पद्धतीच्या दोन लगतच्या नंबरांत सुमारे साडेआठ मिलिमीटरचे अंतर असते, तेव्हा अंदाजावर विसंबू नये.

गुपचूप भेट देण्याचा हट्ट सोडून, ‘कशाला उगाच खर्च’ हे ऐकून घेत, त्यांना बेळगावच्या खडेबाजारात सोबत न्यावे. बूट मोजे घालूनच पाहावेत. उभे राहिल्यावर पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा उरावी, टाच वर निसटू नये आणि बूट मध्यावर न दुमडता चवड्यापाशी वाकावा. ‘वापरून सैल होतील’ असे दुकानदार म्हणू लागला, तर सरळ उठावे.

कमरेत वाकणे जड जात असेल, तर लेसऐवजी चिकटपट्टीचे बूट घ्यावेत. मधुमेहामुळे पायाची संवेदना कमी झाली असेल, तर खरेदीपूर्वी डॉक्टरांना विचारावे आणि प्रत्येक वेळी बूट घालण्याआधी आत हात फिरवून खडा नाही ना, हे पाहण्याची सवय त्यांना लावावी.

खानापूरकडच्या पावसात जाळीचे बूट भिजणारच. ते उन्हात न ठेवता आत वर्तमानपत्र कोंबून सावलीत वाळवावेत.

सुरुवातीचे काही दिवस बूट घरातच घालायला सांगावेत आणि कुठेही काचत नाहीत याची खात्री झाल्यावरच टिळकवाडीच्या व्हॅक्सिन डेपोच्या मोकळ्या आवारात सकाळी फिरायला न्यावे. तोवर बिल आणि खोके जपून ठेवावे, कारण सोलला माती लागलेला जोड दुकानदार सहसा बदलून देत नाही.