ल्वारच्या काठी जाण्याआधी

जूनमध्ये जाणार असाल तरी आधी एक पातळ स्वेटर काढून ठेवा, मग पासपोर्ट शोधा. फ्रान्समधल्या ल्वार नदीच्या खोऱ्यातले बरेचसे शातो, म्हणजे तिथले राजवाडे, त्युफो नावाच्या पांढरट चुनखडीत बांधले आहेत. आपल्या काळ्या कातळाच्या मानाने हा दगड फारच मऊ. काठच्या टेकड्या पोखरून तो काढला, आणि मागे ज्या गुहा राहिल्या त्यांत पुढे वाइन मुरायला ठेवू लागले. आत बाराही महिने साधारण १२ अंश. बाहेर रणरणतं ऊन असताना अशा तळघरात पाऊण तास उभं राहायचं, तर अंगावर काहीतरी हवंच. म्हणूनच शातोंचे दिवस वेगळे आणि वाइनचे वेगळे असे पाडू नका. सकाळी शातो आणि दुपारी जवळपासचं तळघर अशी जोडी लावा. त्या दगडाची गोष्ट मग पुरी होते.

आता शातो निवडा, आणि इथे हात आखडता घ्या. युनेस्कोने २००० साली जागतिक वारशात घेतलेला पट्टाच सुमारे २८० किलोमीटर लांब आहे. दिवसाला दोन शातो, त्याहून जास्त नाही. आम्ही पहिल्याच दिवशी तीन ठेवले होते. आईचे पाय दुखायला लागले आणि आंद्र नदीतल्या बेटावरचं आझे-ल-रिदो घाईघाईत उरकावं लागलं, त्याची हळहळ अजून आहे. आपल्याकडचे गड डोळ्यांसमोर ठेवून जाणार असाल तर शिनों आणि आंजे घ्या. आंजेचे सतरा बुरूज काळ्या दगडाचे आणि पांढऱ्या त्युफोचे पट्टे एकाआड एक घालून उभे केलेत. बाकीचे बहुतेक शातो लढाईसाठी बांधलेले नाहीत. ते राहण्यासाठी, शिकारीसाठी आणि मिरवण्यासाठी आहेत.

निघण्यापूर्वी माणसं वाचून जा, नाहीतर खोल्या सगळ्या सारख्याच दिसतात. शेर नदीवर पुलासारखं उभं असलेलं शनोंसो पाहताना दोन बायका माहीत हव्यात: राजा दुसऱ्या हेन्रीची प्रेयसी दियान द प्वातिए आणि त्याची राणी कातरीन द मेदिसी. १५५९ मध्ये राजा गेला आणि राणीने दियानकडून हा शातो काढून घेतला. पूल दियानने बांधवलेला, त्यावरचं साठ मीटरचं दालन राणीने चढवलं. दोघींच्या बागा आजही वेगवेगळ्या आहेत. पहिल्या महायुद्धात त्याच दालनात जखमी सैनिकांचं रुग्णालय होतं. आंब्वाजला जाणार असाल तर लिओनार्दो दा विंचीची शेवटची वर्षं वाचा. तो १५१६ मध्ये राजा पहिल्या फ्रान्स्वाच्या बोलावण्यावरून इथे आला, २ मे १५१९ रोजी क्लो ल्यूसेच्या वाड्यात वारला, आणि त्याच वर्षी त्याच राजाने शांबोरचा शातो बांधायला घेतला. शांबोरच्या जिन्याचे दोन सर्पिल मार्ग एकमेकांभोवती फिरतात, पण एकाने चढणारा दुसऱ्याने उतरणाऱ्याला भेटत नाही. कल्पना लिओनार्दोचीच असावी असं अनेकांना वाटतं. बूट घट्ट पकडीचे घ्या. जुने गोल जिने झिजलेले असतात.

मुक्काम एकच ठेवा. गाडी चालवणार नसाल तर तूर शहर बरं. पॅरिसच्या मोंपार्नास स्टेशनवरून टीजीव्ही या वेगवान रेल्वेने सँ-प्येर-दे-कोर स्टेशनपर्यंत तासाभराचा प्रवास, तिथून तूर पाच मिनिटांवर. तिकीट लवकर काढाल तितकं स्वस्त पडतं. तूरहून शनोंसोला लोकल गाडी थेट फाटकाजवळ सोडते. शोधताना एवढं लक्षात असू द्या की गावाच्या आणि स्टेशनच्या रोमन स्पेलिंगात शेवटी एक्स आहे, शातोच्या स्पेलिंगात नाही. गाड्या दिवसाला मोजक्याच, त्यामुळे परतीची वेळ आदल्या रात्री लिहून ठेवा. शांबोरला रेल्वे नाही, ब्ल्वाला उतरून पुढे जावं लागतं.

गाडी घेणार असाल तर आंतरराष्ट्रीय वाहन परवाना भारतातूनच आरटीओकडून काढून न्या. ऑटोमॅटिक हवी असेल तर आरक्षण करतानाच सांगा. पंपावर ‘गाझोल’ म्हणजे डिझेल, हे पाठ करा. आणि घरातून निघण्याआधीच ठरवा की चालवणारा पिणार नाही. रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा लिटरला अर्धा ग्रॅम आहे, पण चार घोट चाखल्यावर हिशेब करण्यात अर्थ नसतो. चाखून थुंकण्यासाठी तिथे भांडं ठेवलेलंच असतं, आणि ते वापरणं अजिबात असभ्य मानत नाहीत.

व्हिसाचं थोडक्यात: शेंगेनचा, म्हणजे फ्रान्ससह युरोपातल्या अनेक देशांत चालणाऱ्या व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, निदान दोन महिने हाताशी ठेवा. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने चालू हवा आणि प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा.

वाइनची तयारी म्हणजे नावांची तयारी. तिथल्या बाटलीवर बहुधा द्राक्षाचं नाव नसतं, गावाचं असतं. वूव्रे म्हणजे शनँ ब्लां, शिनोंची तांबडी म्हणजे कॅबर्ने फ्रां, सांसेरची पांढरी म्हणजे सोव्हिन्यों ब्लां. यातलं शनँ आपल्याला परकं नाही. नाशिकच्या मळ्यांत ज्याला चेनिन ब्लांक म्हणतात ते द्राक्ष मूळचं ल्वारचंच. नाशिकला त्याची तोडणी साधारण जानेवारी ते मार्चमध्ये होते, तिथे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये. जमल्यास जाण्याआधी नाशिकची एक बाटली चाखून जा, म्हणजे वूव्रेत फरक जिभेला कळेल. वूव्रे कोरडीही असते आणि गोडही; ‘सेक’ म्हणजे कोरडी, ‘दमी-सेक’ मधली, ‘म्वालो’ गोड. छोट्या उत्पादकांकडे आधी ईमेलने वेळ घ्या. तोडणीच्या दिवसांत घरातली सगळी माणसं मळ्यात असतात, तेव्हा न सांगता दारात उभं राहू नये. आत शिरताना पहिला शब्द ‘बोंझूर’. त्याआधी प्रश्न विचारला तर उद्धटपणा वाटतो.

शाकाहारी मंडळींसाठी थोडं जास्त सांगते. दुपारचं जेवण बारा ते दोन, नंतर स्वयंपाकघर बंद. रविवार-सोमवारी गावातल्या बऱ्याच खाणावळी उघडतच नाहीत. मागवताना ‘सां व्हियांद, सां प्वासों’, म्हणजे मांस नको, मासे नकोत, असं दोन्ही सांगा. शेळीच्या दुधाचं चीज हे या खोऱ्याचं वैभव: सँत-मोरच्या लांबट वळकटीत आरपार गवताची काडी असते, व्हालांसे माथा कापलेल्या पिरॅमिडसारखं दिसतं. पण पारंपरिक चीजचं विरजण बहुधा वासराच्या पोटातल्या रेनेटचं असतं. काटेकोर पाळणाऱ्यांनी हे आधीच जाणून घ्यावं, टेबलावर कळलं की मन खट्टू होतं. सोबत चिवडा, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी न्या. पेढे, बर्फी, तुपाचा डबा घरीच ठेवा. युरोपीय संघात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत.

बॅग भरताना खाली जागा सोडा. परतताना भारतात माणशी दोन लिटर मद्य शुल्काशिवाय आणता येतं. पाऊण लिटरच्या दोन बाटल्या त्यात बसतात, तिसरी बसत नाही. विमानात त्या हातातल्या बॅगेतून नेता येत नाहीत, खालच्या सामानातच टाकाव्या लागतात. प्रत्येक बाटली आधी प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधा, मग तळघरात घातलेल्या त्या स्वेटरमध्ये गुंडाळा आणि बॅगेच्या मधोमध ठेवा.