अंधाऱ्या राइडमध्ये फ्लॅश: या चुका टाळा

मागच्या दिवाळीत आमच्या सहलीत एक सात वर्षांची मुलगी होती, आजीबरोबर आलेली. परदेशातल्या एका पार्कमध्ये भुताच्या वाड्याच्या राइडला त्या दोघी माझ्या पुढच्याच डब्यात बसल्या होत्या. पोरीने आजीचा हात दोन्ही हातांनी घट्ट धरला होता. डबा वळला, खाली मोठं दालन दिसलं आणि त्यात आरपार दिसणारी भुतं टेबलाभोवती गिरक्या घेत होती. तेवढ्यात मागच्या कुठल्यातरी डब्यातून फ्लॅश पडला. क्षणभर सगळं उघडं पडलं. समोरची काच, काळा रंग फासलेली भिंत, भिंतीवरून गेलेल्या वायरी. "आजी, ती काच आहे," पोरगी म्हणाली आणि तिने हात सोडला. राइड आणखी चार-पाच मिनिटं चालली. हात तिने पुन्हा धरला नाही.

बारा वर्षं मी मराठी कुटुंबांच्या सहली सिंगापूर, हाँगकाँग, पॅरिसला नेतो, आणि शाळांच्या सुट्ट्यांत खोपोलीच्या इमॅजिका पार्कला. पार्कच्या दारात मी एक सूचना न चुकता देतो: आत अंधार असेल तिथे फ्लॅश मारायचा नाही. लोक मान डोलावतात, आणि तरी प्रत्येक फेरीत फ्लॅश पडतो. मुद्दाम कुणी करत नाही. फोन काय करतोय हे माहीत नसतं, म्हणून होतं. त्यामुळे या चुका जरा सविस्तर सांगतो.

"मी फ्लॅश लावलाच नव्हता"

सगळ्यांत जास्त ऐकू येणारं वाक्य हेच, आणि ते खरंही असतं. फोनचा फ्लॅश "ऑटो"वर असतो. अंधार दिसला की फोन स्वतःच ठरवतो आणि मारतो. त्यामुळे रांगेत उभे असतानाच कॅमेरा उघडा, विजेच्या बाणाच्या चिन्हावर बोट ठेवा आणि "ऑफ" करा. मग हाताच्या तळव्याचा एक फोटो काढून बघा. उजेड पडला नाही म्हणजे बंद आहे.

एवढ्यावर काम संपत नाही. व्हॉट्सॲपमधून किंवा इन्स्टाग्राममधून थेट फोटो काढत असाल, तर तिथल्या कॅमेऱ्याचं फ्लॅशचं बटण वेगळं असतं. फोनच्या कॅमेऱ्यात बंद केलेला फ्लॅश तिथे चालू राहू शकतो. सेल्फीला तर मागचा दिवा लागतच नाही, अख्खा स्क्रीन पांढराफेक होतो. अंधारात तोही शेजारच्या चार जणांच्या डोळ्यांत जातो.

आणखी एक प्रकार घरातल्या ज्येष्ठांच्या फोनवर हमखास सापडतो. ऐकायला कमी येतं म्हणून मुलाने किंवा नातवाने सेटिंग करून दिलेलं असतं: फोन वाजला की मागचा दिवा लुकलुकतो. फोन सायलेंटवर असला तरी दिवा आपलं काम करत राहतो. ॲक्सेसिबिलिटीच्या यादीत जाऊन ते तेवढ्यापुरतं बंद करा. फोन दोनदा झटकला की टॉर्च लागते अशी सोय काही फोनमध्ये असते, तीही राइडच्या धक्क्यांत नको. मनगटावरचं स्मार्ट घड्याळ हात वर केला की उजळतं, त्यासाठी त्यात थिएटर मोड असतो. लहान मुलांच्या लुकलुकणाऱ्या बुटांना बटण नसतं. त्या दिवशी साधे बूट घाला.

फ्लॅश बंद, पण व्हिडिओचा लाइट चालू

पाटीवर "नो फ्लॅश" लिहिलंय, मग व्हिडिओचा दिवा चालत असेल असा समज फार पसरलेला आहे. फ्लॅश निदान क्षणभर पडतो, व्हिडिओचा लाइट सबंध दृश्यभर जळत राहतो. मागच्या रांगेतल्या माणसाला भुतं, चाचे, ग्रह काहीच दिसत नाही. दिसतो फक्त तुमचा हात आणि त्यापुढचा पांढरा झोत. डिस्नेच्या पार्कमध्ये सूचना देताना फ्लॅशबरोबर व्हिडिओच्या दिव्यांनाही मनाई सांगितली जाते. ती इंग्रजीत किंवा फ्रेंचमध्ये भराभर होते आणि आपल्या लोकांच्या कानांवरून जाते. म्हणून मी ती बसमध्येच मराठीत सांगून टाकतो.

अंधार म्हणजे फोटो काढायची अडचण, असं समजणं

या राइड बांधणाऱ्यांनी अंधार नुसता ठेवलेला नसतो, तोही बांधलेला असतो. आरपार दिसणाऱ्या भुतांचंच घ्या. कॅलिफोर्नियाच्या डिस्नेलँडमधलं हाँटेड मॅन्शन 1969 साली उघडलं, त्याचाच पॅरिसचा भाऊ फँटम मॅनर 1992 साली. दोन्हीकडच्या नाचाच्या दालनात जी युक्ती आहे ती त्याहून शंभरावर वर्षं जुनी. जॉन हेन्री पेपर यांनी ती 1862 मध्ये लंडनच्या रॉयल पॉलिटेक्निकमध्ये दाखवली, म्हणून तिला "पेपर्स घोस्ट" म्हणतात.

तुम्ही ती युक्ती एसटीत पाहिलेली आहे. रात्री गाडीत दिवा लागलेला असतो, बाहेर काळोख असतो, आणि खिडकीच्या काचेत तुमचाच चेहरा बाहेरच्या झाडांवर तरंगताना दिसतो. राइडमध्येही तेच घडतं. तुमच्या आणि दालनाच्या मध्ये एक प्रचंड स्वच्छ काच असते. खरे बाहुले तुमच्या नजरेआड, तुमच्या डब्याच्या वर-खाली लपवलेले असतात आणि त्यांच्यावर बेतून प्रकाश सोडलेला असतो. काचेत पडलेलं त्यांचं प्रतिबिंब तुम्हाला दालनात नाचताना दिसतं. प्रेक्षकांच्या बाजूला जवळजवळ शून्य उजेड असेल तोवरच हे जमतं. एसटीतही बाहेर पेट्रोल पंपाचा झगमगाट आला की काचेतला चेहरा गायब होतो, तसंच.

तुम्ही फ्लॅश मारलात की तो त्या काचेवर आदळून परत येतो. फोटोत भूत येत नाही, मधोमध एक पांढरा गोळा येतो. म्हणजे तुमचंही गेलं आणि मागच्या पन्नास जणांचंही.

दुसरी युक्ती काळ्या प्रकाशाची, म्हणजे अल्ट्राव्हायोलेट दिव्यांची. पार्टीत जांभळ्या दिव्याखाली पांढरा शर्ट निळसर झगमगतो ना, कारण धुण्याच्या पावडरीत तशी चकाकणारी द्रव्यं असतात. राइडमधली झाडं, मासे, चांदण्या अशाच चकाकणाऱ्या रंगांनी रंगवलेल्या असतात आणि बाकी सगळं काळं ठेवलेलं असतं. साधा पांढरा उजेड पडला की तेच रंग मातकट दिसतात आणि काळ्यात लपलेले खांब पुढे येतात.

तिसरी गोष्ट वेगाची. फ्लोरिडातल्या डिस्नेच्या स्पेस माउंटन या अंधारात धावणाऱ्या रोलर कोस्टरचा वेग ताशी सुमारे 45 किलोमीटर, आपली गाडी एक्स्प्रेसवेवर याच्या दुप्पट वेगाने धावते. तरी लोक 1975 पासून तिथे जीव मुठीत धरून ओरडतायत, कारण पुढचं वळण दिसत नाही. आपल्या इमॅजिकातली डीप स्पेस ही रोलर कोस्टरही बंदिस्त अंधारातच धावते. तिथे फ्लॅश म्हणजे रुळांचा सांगाडा सगळ्यांना दाखवणं.

पडद्यावरच्या शोमध्ये तर हिशेब अगदी साधा आहे. प्रोजेक्टरचं चित्र म्हणजे पडद्यावर पडलेला उजेड. त्यावर तुमचा उजेड पडला की चित्र पुसट होतं. इमॅजिकात "आय फॉर इंडिया"मध्ये खुर्ची उचलली जाते, पाय लोंबकळतात आणि समोरच्या भल्यामोठ्या पडद्यावर देश खाली पसरतो. त्या क्षणी शेजारच्याने फोन पेटवला, की आपण एका हॉलमध्ये खुर्चीवर बसलोय हे आठवतं.

लांबच्या गोष्टीवर फ्लॅश

फोनचा दिवा जेमतेम दोन-तीन मीटरपर्यंत कामाचा. अंतर दुप्पट झालं की उजेड निम्मा होत नाही, एक चतुर्थांश होतो. एका मीटरवर जेवढा पडतो, त्याच्या 400 पट कमी उजेड 20 मीटरवरच्या रंगमंचाला मिळतो. सिंगापूरच्या सेंटोसा बेटावर, किनाऱ्यावरच्या "विंग्स ऑफ टाइम" या रात्रीच्या शोमध्ये पाण्याच्या पडद्यावर चित्रं आणि लेझर चालू असताना लोक फ्लॅश मारत असतात. त्यांच्या फोटोत पुढच्या काकांचं डोकं झकास उजळलेलं असतं आणि मागे काळोख. धूर किंवा फवारा असेल तर पांढरे ठिपके फुकट. आतषबाजीच्या फोटोला फ्लॅशचा काडीचाही उपयोग नाही, ती स्वतःच उजेड आहे.

लेझरच्या शोमध्ये एक वेगळी काळजी घ्या. किरण थेट कॅमेऱ्याच्या भिंगात शिरला तर सेन्सर कायमचा बिघडू शकतो. झोत आपल्या दिशेने यायला लागला की फोन खाली घ्या.

"त्यांचाच कॅमेरा फ्लॅश मारतो की!"

हा प्रश्न मला दर सहलीत कुणी ना कुणी विचारतं, आणि प्रश्न रास्त आहे. राइडचा स्वतःचा कॅमेरा उतरणीवर आपल्या किंचाळण्याचा फोटो काढतो आणि बाहेर काउंटरवर विकतो. पण त्याची जागा ठरवलेली असते. तिथे समोर बघायला दृश्य नसतं, झोत ठरावीक कोनात असतो आणि एका डब्याला एकदाच पडतो. आपला फ्लॅश कुठूनही, केव्हाही, कुणाच्याही डोळ्यांत पडतो. अंधारात सेल्फी हवीच असेल, तर माझा सल्ला तो विकतचा फोटो घ्यायचा. महाग असतो हे मान्य, पण चेहऱ्यावरचा भाव खरा असतो.

रंगमंचावर माणूस आहे हे विसरणं

झुल्यावरचा कलाकार दुसऱ्याचे हात पकडायला झेपावतो तेव्हा त्याला ते हात दिसावे लागतात. अंधाराला सरावलेल्या डोळ्यांवर झोत पडला की काही सेकंद हिरवट-जांभळा डाग तरंगत राहतो. तुम्ही खुर्चीत आहात, डोळे चोळाल. त्याला तेवढा वेळ नसतो. आगीच्या, तलवारीच्या, उंचावरून उडी मारण्याच्या प्रत्येक खेळाला हेच लागू. या एका बाबतीत मी सहलीतल्या लोकांशी कडक बोलतो, वाईट वाटलं तरी चालेल. प्राण्यांच्या आणि माशांच्या बाबतीतही फ्लॅश नकोच. काचेला भिंग टेकवून फोटो काढा, चमक येत नाही.

प्रकाश भराभर लुकलुकला तर काही जणांना फिट येऊ शकते. म्हणून टॉर्चचा लुकलुकणारा मोड गंमत म्हणूनही नको. जुन्या डिजिटल कॅमेऱ्यात डोळे लाल येऊ नयेत म्हणून एका फोटोला तीन-चार फ्लॅश मारणारी सोय असते, तीही बंद ठेवा.

हात बाहेर, काठी बाहेर

थोडक्यात: सेल्फी स्टिक डिस्नेने 2015 मध्येच आपल्या पार्कमधून बंद केल्या. रोलर कोस्टरवर फोन लॉकरमध्ये किंवा चेनच्या खिशात ठेवा. वरून सुटलेला फोन खालच्या माणसाला दगडासारखा लागतो.

मग फोटो काढायचा कसा?

आधी बाहेर पाटी बघा. काही ठिकाणी फ्लॅशला मनाई असते, काही ठिकाणी फोटोलाच. दुसऱ्या प्रकारात फोन खिशातच ठेवा.

फोटो चालत असेल तर फोटो हलतो ही पहिली तक्रार. नाइट मोड सेकंदभर किंवा जास्त वेळ उजेड गोळा करतो आणि तुमचा डबा तर चाललेला असतो. चालत्या राइडमध्ये नाइट मोड बंद करा, डबा थांबतो तिथेच लावा. कोपरं पोटाशी किंवा सेफ्टी बारवर टेका. झूम करू नका, मुख्य कॅमेऱ्यावरच राहा, त्याचं भिंग जास्त उजेड घेतं.

दुसरी तक्रार, चेहरे पांढरे आणि बाकी काळं. स्क्रीनवर उजळ भागावर बोट दाबून धरा, ब्राइटनेस लॉक होतो. मग बोट खाली ओढून उजेड थोडा कमी करा. फोटो काळपट येईल, पण रंग राइडमध्ये दिसले तसेच येतील. व्हिडिओला सेकंदाला 60 ऐवजी 30 फ्रेम ठेवा, प्रत्येक फ्रेमला दुप्पट वेळ उजेड मिळू शकतो. स्क्रीनचा ब्राइटनेस आधीच अगदी खाली आणा आणि फोन छातीच्या वर नेऊ नका.

आणि राइड निवडा. डिस्नेच्या "इट्स अ स्मॉल वर्ल्ड"मध्ये होडी सावकाश जाते, बाहुल्यांवर भरपूर उजेड असतो, तिथे फ्लॅशशिवाय छान फोटो येतात. भुताच्या वाड्यात मात्र पहिली फेरी फोन खिशात ठेवून करा. गर्दी कमी असली तर दुसरी फेरी फोटोसाठी.

पुढचा माणूस फ्लॅश मारत असेल तर

ओरडू नका. निम्म्या वेळा त्याला माहीतच नसतं. मी हळूच खांद्यामागून सांगतो, "दादा, तुमचा फ्लॅश ऑटोवर राहिलाय बहुतेक." परदेशात नुसतं "फ्लॅश, प्लीज" म्हणून विजेच्या चिन्हाकडे बोट दाखवलं तरी कळतं. ऐकत नसेल तर उतरल्यावर कर्मचाऱ्याला सांगा, डब्यात वाद घालू नका.

त्या मुलीला मी दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच राइडला नेलं, सकाळी पार्क उघडल्या उघडल्या. आमच्या मागचे तीन डबे रिकामे होते. दालन आलं, भुतं नाचायला लागली. "काच कुठे आहे ते दिसतच नाही," ती म्हणाली आणि आजीकडे सरकून बसली.