तोंडात गाठ लागली तर काय पाहावे

तोंडातली गाठ बहुधा आधी जिभेला कळते. ती दुखत असेल तर माणूस लगेच दवाखाना गाठतो आणि दुखत नसेल तर महिनोन्महिने तशीच राहू देतो. वास्तविक काळजीचा क्रम याच्या उलट असायला हवा, कारण ठणकणारी गाठ पुष्कळदा किडलेल्या दाढेच्या मुळाशी झालेल्या गळवाची असते आणि तोंडाचा कर्करोग मात्र सुरुवातीला अनेकदा अजिबात दुखत नाही.

आधी नीट पाहून घ्यावे. हात धुऊन, कवळी असल्यास काढून, भरपूर उजेडात आरशासमोर उभे राहावे. दोन्ही गाल बोटांनी बाहेर ओढून हिरडी आणि गाल यांमधली खोबण शेवटच्या दाढेपर्यंत पाहावी, जीभ टाळूला लावून तिच्याखालची जागा पाहावी आणि जिभेचे टोक स्वच्छ फडक्यात धरून दोन्ही कडा तपासाव्यात. मग एक बोट आत व एक बाहेर ठेवून गाल चाचपावा. जिभेच्या मुळाशी ओळीने दिसणारे मोठे उंचवटे आणि टाळूच्या मधोमध लागणारा, वर्षानुवर्षे तसाच असलेला हाडासारखा टणक फुगवटा पाहून अनेकजण घाबरतात; पण पहिले सर्वांनाच असतात आणि दुसरा निरुपद्रवी असतो.

गाठ कुठे आहे यावरून कारणाचा अंदाज बांधता येतो. गालाच्या आत, दात मिटतात त्या रेषेवर असलेली गुळगुळीत, गुलाबी गाठ बहुधा तीच जागा पुन्हापुन्हा चावली गेल्याने होते. खालच्या ओठाच्या आतला निळसर, मऊ फोड लाळेच्या बारीक ग्रंथीला इजा होऊन लाळ साचल्याने येतो; तो फुटतो, बसतो आणि पुन्हा भरतो. जेवताना जबड्याखाली सूज येऊन नंतर ती उतरत असेल तर लाळेच्या नळीत खडा अडकल्याची शक्यता असते. सैल कवळीच्या कडेला मांसाची घडी वाढते. गरोदरपणात हिरडीवर लालभडक, हात लागताच रक्त येणारा कोंब उगवतो आणि बाळंतपणानंतर तो बरेचदा आपोआप लहान होतो. हिरड्या सगळीकडे फुगून दातांवर चढत असतील तर फिटसाठीचे फेनिटॉईन किंवा रक्तदाबासाठीचे अम्लोडिपिन चालू आहे का, हे डॉक्टरांना सांगावे. गोळी मात्र स्वतःहून बंद करू नये.

ज्याला तंबाखूची सवय आहे, त्याने मात्र गालाखालच्या खोबणीकडे सर्वाधिक लक्ष द्यावे. आपल्याकडे चुना मळून तंबाखूचा बार तिथेच भरला जातो, गुटख्याचा चोथाही तिथेच राहतो, आणि मशेरी लावणाऱ्या स्त्रियांच्या हिरड्यांना तर दिवसातून अनेकदा तंबाखू चोळली जाते. मशेरी हे दंतमंजन नाही, ती भाजलेली तंबाखूच आहे, हे घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना समजावून सांगणे अवघड असले तरी फार गरजेचे आहे. नुसती सुपारीही निर्दोष नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात तिला कर्करोगकारक ठरवले आहे. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी असली तरी आधीच्या सवयीचे परिणाम पुढे वर्षानुवर्षे दिसू शकतात. तोंडात आपलीच तीन बोटे उभी मावत नसतील, तिखट लागताच आग होत असेल, पुसून न जाणारा पांढरा किंवा लाल चट्टा असेल, तर गाठ नसली तरी तपासणी करून घ्यावी.

कोणतीही गाठ, चट्टा किंवा व्रण दोन आठवड्यांत बरा झाला नाही तर दंतवैद्याला किंवा कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवावा. कडा टणक असणे, रक्त येणे, कारण नसताना दात हलू लागणे, जीभ किंवा ओठ बधिर होणे अथवा मानेत गाठ लागणे यांपैकी काही असेल तर दोन आठवडेही थांबू नये. खर्चाची अडचण असल्यास मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय दंत महाविद्यालये आहेत.

डॉक्टरांनी बायॉप्सी सुचवली की घरातले कुणीतरी ‘तुकडा काढला की रोग पसरतो’ असे हमखास म्हणते. या भीतीपायी अनेकांचे उपचाराचे मोलाचे महिने वाया जातात. जागा बधिर करून काढलेल्या छोट्या तुकड्याने तोंडाचा कर्करोग पसरत नाही, उलट गाठ कसली आहे हे त्यावरूनच निश्चित कळते. जाताना चालू औषधांची यादी न्यावी, रक्त पातळ करणारी गोळी घेत असल्यास ते आधीच सांगावे, आणि तंबाखू किती वर्षे व दिवसातून किती वेळा, याचे खरे उत्तर द्यावे.