दोन दगडांवर पाय: टीक्यूक्यूक्यू आणि एसक्यूक्यूक्यूची क्वांटिटी ठरवताना

नॅस्डॅक-१०० हा अमेरिकी शेअरांचा इंडेक्स रोज जितका हलतो त्याच्या तिप्पट टीक्यूक्यूक्यू हा फंड हलतो आणि उलट्या दिशेने तिप्पट एसक्यूक्यूक्यू. हे ज्यांना माहीत आहे त्यांच्यासाठीच पुढचं. भारतात असे ईटीएफ (शेअरसारखे बाजारात घेता-विकता येणारे फंड) मिळत नाहीत, त्यामुळे एलआरएसने, म्हणजे परदेशात पैसे पाठवायच्या रिझर्व्ह बँकेच्या योजनेतून, डॉलर पाठवूनच ही जोडी खेळावी लागते. नवा माणूस चार्ट, इंडिकेटर, बातम्या सगळं शिकतो. क्वांटिटी मात्र अंदाजपंचे टाकतो, आणि पैसा तिथेच जातो.

सगळ्यात मोठा खड्डा आधी. फेडची, म्हणजे अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेची, बैठक जवळ आली की कल्पना सुचते: दोन्हींत हजार-हजार डॉलर टाकू, बाजार कुठेही गेला तरी एक चालेलच. आता हिशेब बघा. इंडेक्स १०० वरून एका दिवसात ११० झाला आणि दुसऱ्या दिवशी परत १०० वर आला. इंडेक्स जागच्या जागी. टीक्यूक्यूक्यूचे हजार आधी १३०० झाले, मग २७.२७ टक्के पडून ९४५. एसक्यूक्यूक्यूचे हजार ७०० झाले, मग २७.२७ टक्के वाढून ८९१. दोन हजारांचे १८३६ उरले. कोणी चोरले नाहीत, दिशाही चुकली नाही, तरी १६४ डॉलर गेले.

दहा टक्क्यांचे दिवस क्वचितच येतात, म्हणून लहान आकडे घ्या. इंडेक्स एक दिवस २ टक्के वर आणि दुसऱ्या दिवशी मूळ जागी. अशा दहा फेऱ्या, म्हणजे वीस सत्रं. टीक्यूक्यूक्यू साधारण २.३ टक्के झिजतो आणि एसक्यूक्यूक्यू ४.६ टक्के. उलट्या बाजूची झीज दुप्पट! हे पुन्हा सांगतो, कारण एकदा वाचून डोक्यात बसत नाही: हे दोन फंड एकमेकांचं आरशातलं प्रतिबिंब नाहीत.

असं का होतं? प्रत्येक फंडाला दिवसाअखेर आपलं प्रमाण परत तिप्पट करावं लागतं. समजा दोघांकडे १०० डॉलर आहेत आणि इंडेक्स १ टक्का वाढला. टीक्यूक्यूक्यूकडे १०३ झाले, तेजीची पोझिशन ३०३ ची, हवी ३०९ ची, म्हणून ६ डॉलरची खरेदी. एसक्यूक्यूक्यूकडे ९७ उरले, मंदीची पोझिशन ३०३ ची, हवी २९१ ची, म्हणून त्यालाही १२ डॉलरची खरेदीच करावी लागते. बाजार पडला की दोघंही विकतात. वर घ्यायचं आणि खाली विकायचं, हे रोज, आणि एसक्यूक्यूक्यूमध्ये दुप्पट.

मग दोन्ही धरणं नेहमीच तोट्याचं का? नाही. सलग पाच दिवस ३ टक्के वाढ झाली तर हजाराचे १५३९ आणि दुसऱ्या हजाराचे ६२४, मिळून २१६३. म्हणजे ही पोझिशन बँक निफ्टीच्या लाँग स्ट्रॅडलची (कॉल आणि पुट दोन्ही ऑप्शन एकदम विकत घेण्याची) चुलत बहीण आहे. एकाच दिशेने पळाला तर मिळतं, घुसमटला तर रोज थोडं थोडं जातं. स्ट्रॅडल घ्यायचाच असेल तर तो स्ट्रॅडल आहे हे कबूल करून घ्या, हेज, म्हणजे तोट्यापासून संरक्षण, म्हणून स्वतःची समजूत घालू नका.

आता साइझ. भांडवल ५००० डॉलर धरू आणि एका व्यवहारात गमवायची तयारी १ टक्का, म्हणजे ५० डॉलर. स्टॉप, म्हणजे तोटा मान्य करून बाहेर पडायची पातळी, ईटीएफच्या चार्टवर काढू नका, नॅस्डॅक-१०० वर काढा. एसक्यूक्यूक्यूचे रिव्हर्स स्प्लिट (अनेक शेअर एकत्र करून एक करणं) इतक्यांदा झालेत की त्याच्या जुन्या भावांवरून सपोर्ट, म्हणजे भाव टेकतो ती पातळी, शोधणं म्हणजे करमणूक. चौदा दिवसांचा एटीआर (रोजच्या चढउताराची सरासरी) १.५ टक्के असेल तर त्याची दीडपट, २.२५ टक्के, हे स्टॉपचं अंतर. तीनने गुणलं की ६.७५ टक्के. ५० भागिले ०.०६७५, म्हणजे ७४० डॉलरची पोझिशन.

इथे थांबू नका. स्टॉप हा आपण झोपलेलो असताना आलेला गॅप, म्हणजे भावाची एकदम उडी, अडवत नाही. १६ मार्च २०२० ला नॅस्डॅक सुमारे १२ टक्के पडला, ९ एप्रिल २०२५ ला तितकाच चढला. तिप्पट केलं की ३६ टक्के, आणि एकदा ही बाजू, एकदा ती. म्हणून दुसरी मर्यादा: अशा एका दिवसात तोटा भांडवलाच्या ५ टक्क्यांवर जाऊ द्यायचा नाही. २५० भागिले ०.३६, म्हणजे ६९४. दोन आकड्यांतला लहान तो तुमचा. फक्त ६९४? हो, तेवढेच. त्यामागे २०८२ डॉलरचा नॅस्डॅक हलतो, कमी नाही. एसक्यूक्यूक्यू तीन-चार सत्रांपेक्षा जास्त धरणार असाल तर हाच आकडा निम्मा करा, आणि त्यात एव्हरेज करायचं, म्हणजे पडत्या भावात आणखी घ्यायचं, तर नावच काढू नका.

दुसरा उपयोग, जो मला जास्त शहाणपणाचा वाटतो: आधीच असलेल्या होल्डिंगला थोडा आडोसा. नॅस्डॅकचा साधा ईटीएफ ३००० डॉलरचा असेल तर पूर्ण आडोशाला एसक्यूक्यूक्यू १००० चा लागतो. एका दिवसात इंडेक्स १० टक्के पडला: होल्डिंग २७००, एसक्यूक्यूक्यू १३००, म्हणजे मंदी ३९०० ची. तुम्ही नकळत मंदीवाले झालात. ४०० चा माल विकून ९०० वर आणायचा. उलट १० टक्के वाढला: होल्डिंग ३३००, एसक्यूक्यूक्यू ७००, हवा ११००, म्हणजे ४०० ची भर. तोट्यातल्या मालात भर घालणं वाचायला सोपं, रात्री साडेअकराला लाल आकड्यासमोर बसून करणं अजूनही जड जातं. जमणार नसेल तर निम्माच आडोसा घ्या, ५०० चा, आणि किती दिवसांनी मोडायचा ते आधीच लिहून ठेवा.

यूट्यूबवर एक जादू सांगतात: दोन्ही शॉर्ट करा (उसने घेऊन आधी विका, नंतर परत घ्या), झीज खिशात घाला. आपल्याला ते बंद आहे. शॉर्टला मार्जिन, म्हणजे ब्रोकरकडे ठेवायची तारण रक्कम, लागते, आणि एलआरएसखाली परदेशात मार्जिनसाठी किंवा मार्जिन कॉलसाठी (तारण कमी पडलं की येणारी मागणी) पैसे पाठवायला मनाई आहे. आणि बंद आहे ते बरंच आहे. वरच्याच पाच दिवसांच्या तेजीत दोन्हीकडे १०,००० ची शॉर्ट असती तर १६२६ चा तोटा, शिवाय सुरुवातीला समतोल असलेली पोझिशन पाचव्या दिवशी सव्वासत्तावीस हजारांहून जास्त मंदीची झालेली असते. रविवारच्या वर्कशॉपमध्ये हे गणित फळ्यावर येत नाही. जो गुरू प्रवेशाचा भाव सांगतो पण क्वांटिटी सांगत नाही, त्याची फी वाचवा.

एक विकून दुसरा घेताना सेटलमेंट, म्हणजे पैसे जमा होण्याची वेळ, सांभाळा. कॅश अकाउंटमध्ये (उधारी नसलेल्या खात्यात) सोमवारी टीक्यूक्यूक्यू विकला तर पैसे मंगळवारी जमा धरतात. त्याच न जमा झालेल्या पैशांनी सोमवारी एसक्यूक्यूक्यू घेऊन सोमवारीच विकला तर गुड फेथ व्हायोलेशन, म्हणजे नियमभंगाची नोंद, लागतं. ठरावीक वेळा झालं की ९० दिवस फक्त जमा पैशांवरच खरेदी करता येते. घाबरायचं कारण नाही. पैसे दोन भागांत ठेवा आणि एका दिवशी एकच भाग फिरवा. आणि ही पोझिशन चार दिवसांची असली तरी आयकर रिटर्नच्या शेड्यूल एफएमध्ये (परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात) जाते, तिथे वर्ष जानेवारी ते डिसेंबर धरतात. आयटीआर-१ हा साधा फॉर्म चालत नाही.

उन्हाळ्यात अमेरिकी बाजार आपल्या संध्याकाळी ७ ला उघडतो, नोव्हेंबरपासून ८ ला. ७ ला निम्मे लोक ऐरोली-ठाणे गाडीत असतात, एक हात हँडलला, एक अंगठा फोनवर. सर्चमध्ये दोन्ही नावं खालीवर येतात, फरक पहिल्या एका अक्षराचा. ॲपमधला रकाना कधी डॉलरवर असतो, कधी शेअरवर. ६९० डॉलरच्या जागी ६९० शेअर टाकले तर निदान पैसे कमी म्हणून ऑर्डर नाकारली जाईल, पण ४० डॉलरच्या जागी ४० शेअर सहज निघून जातात. ठाण्याला उतरा, घरी जा, पहिला अर्धा तास जाऊ द्या, मग लिमिट ऑर्डर (भाव आपण ठरवलेली ऑर्डर) टाका.