ह्यूस्टनमधे स्पॅनिश बोलणाऱ्या लोकांच्या संस्थांसाठी वेबसाइट करताना मी कुठे अडकले

एच-फोर ईएडी, म्हणजे एच-वन-बी व्हिसावाल्याच्या जोडीदाराला मिळणारी कामाची परवानगी, हातात आलंय, डिझाइनसाठी फिगमा येतं, वेबसाइटसाठी वर्डप्रेस येतं, आता काम कुठे शोधू असं बऱ्याच जणी विचारतात. मी गल्फ्टनमधे शोधलं. हिलक्रॉफ्टला किराणा आणायला जाता ना, त्या महात्मा गांधी डिस्ट्रिक्टच्या अगदी शेजारचा भाग. एल साल्वादोर, होंडुरास, ग्वाटेमाला, मेक्सिकोची माणसं तिथे राहतात. त्यांच्यासाठी झटणाऱ्या एका छोट्या संस्थेची वेबसाइट आणि फेसबुक-व्हॉट्सअ‍ॅपवरच्या जाहिराती मी तीन वर्षं करतेय. टूल्सबद्दल लिहीत नाही, ते तुम्हाला येतं.

आधी माझी चूक सांगते, अजून आठवली की पोटात गोळा येतो.

संस्थेत दर गुरुवारी फुकट नोटरी बसायचा. सेवांच्या पानावर मी इंग्रजीत 'नोटरी पब्लिक, फ्री' लिहिलं, वेबसाइटला जोडलेल्या आपोआप भाषांतर करणाऱ्या प्लगिनने त्याचं 'नोतारिओ पुब्लिको, ग्रातिस' केलं, मला ते छानच वाटलं आणि मी त्याचंच मोठ्या अक्षरातलं चित्र करून व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलं. गुरुवारी सकाळी दार उघडायच्या आधीच रांग, प्रत्येकाच्या हातात इमिग्रेशनच्या कागदांची फाइल. कितीतरी जण त्या दिवसाची मजुरी बुडवून आलेले. एक काका लेकीची शाळा बुडवून तिला घेऊन आले होते, तिथे इंग्रजी बोलायला कोणीतरी हवं म्हणून. सगळ्यांना परत पाठवावं लागलं.

का ते नीट समजून घ्या. टेक्ससमधे नोटरी पब्लिक म्हणजे सही तुम्हीच केलीत एवढी साक्ष देणारा माणूस. त्याला वकिलीचं शिक्षण लागत नाही. अर्ज, फी, २०२६ पासून एक छोटा कोर्स, १०,००० डॉलरचा बाँड, ४ वर्षांची नेमणूक, झालं. मेक्सिकोत आणि मध्य अमेरिकेत मात्र नोतारिओ म्हणजे कायदा शिकलेला, मानाचा माणूस, घराची खरेदी-विक्री, मृत्युपत्र सगळं त्याच्यासमोर होतं. म्हणजे शब्द तोच वाटतो पण माणूस वेगळा. आपण इथे जास्तच फसतो, कारण आपल्याकडे कोर्टाबाहेर टेबल टाकून बसलेला नोटरीही वकीलच असतो, त्यामुळे मला काही खटकलंच नाही. आणि याच गैरसमजावर इथे लुटारू जगतात. दुकानावर 'नोतारिओ' अशी पाटी लावायची, हजारो डॉलर घ्यायचे, चुकीचा अर्ज भरून द्यायचा, आणि मग त्या कुटुंबावर देश सोडायची पाळी. म्हणून टेक्ससच्या कायद्याने नोटरीच्या जाहिरातीत हा शब्द असा भाषांतर करून वापरायलाच बंदी आहे, कॅलिफोर्नियातही आहे. म्हणजे मी फुकट सेवेच्या पानावर बेकायदा शब्द छापला होता, तोही त्या लुटारूंचाच.

आता आम्ही इंग्रजी 'नोटरी पब्लिक' तसंच ठेवतो, खाली स्पॅनिशमधे लिहितो की इथे फक्त सहीची साक्ष होते, आम्ही वकील नाही, कायद्याचा सल्ला देत नाही. त्याच्याच बाजूला इमिग्रेशनचं वेगळं बटण, ते वकिलाकडे किंवा डिपार्टमेंट ऑफ जस्टिसने, म्हणजे केंद्राच्या न्याय खात्याने, मान्यता दिलेल्या प्रतिनिधीकडे नेतं. असे प्रतिनिधी मान्यताप्राप्त संस्थांमधे असतात आणि ते वकील नसले तरी इमिग्रेशनची केस कायद्याने हाताळू शकतात.

भाषांतराचं प्लगिन लावून मोकळं होऊ नका, कृपा करून. जानेवारी २०२१ मधे व्हर्जिनिया राज्याच्या आरोग्य खात्याच्या स्पॅनिश पानावर कोविडची लस 'सक्तीची नाही' असं म्हणायच्या जागी 'गरजेची नाही' असं गेलं होतं, मशीन भाषांतरामुळेच. आजारी माणूस ते वाचून काय करेल विचार करा.

पण घाबरू नका. मराठी येणाऱ्याला यातलं निम्मं आतूनच कळतं. स्पॅनिशमधे तू म्हणायला 'तू'च आहे आणि मान द्यायला 'उस्तेद', साल्वादोर-होंडुरासकडे घरात 'वोस' म्हणतात. आजीला फ्लूची लस घ्यायला सांगताना आपण 'तू ये' लिहू का? मग तिथेही उस्तेद. इंग्रजीवाल्या डिझायनरला हे शिकवायला लागतं, आपल्याला नाही. आडनावांचंही तसंच, त्यांची दोन असतात, आधी वडिलांकडचं मग आईकडचं, आणि फॉर्ममधे एकच खोका ठेवला की दुसरं आडनाव मिडल नेममधे जाऊन बसतं, कागदपत्रांशी जुळत नाही. आपल्या वडिलांचं नाव मधे लिहिताना इथे काय त्रास होतो ते आठवा. फॉर्मला एन वरची नागमोडी रेघ चालते का तेही बघा, आणि फॉन्टमधे ती आहे का ते तर बघाच, 'वर्ष' या शब्दातली ती रेघ गेली की त्याचा अर्थ गुदद्वार होतो आणि तुमचं नववर्षाचं पोस्टर संपलं.

स्पॅनिश मजकूर इंग्रजीपेक्षा लांब होतो, डोनेटचं बटण 'आगा ऊना दोनासिओन' झालं की मोबाइलवर फुटतं, म्हणून आधी स्पॅनिशचा आराखडा करा. भाषेच्या बटणावर स्पेनचा झेंडा लावू नका. तारखेत महिना अक्षरात लिहा, कारण ५/६ म्हणजे तिकडून आलेल्याला ५ जून आणि इथे ६ मे. आणि ग्वाटेमालातून आलेल्या बऱ्याच जणांची मातृभाषा स्पॅनिश नाहीच, किचेसारखी माया भाषा आहे, त्यांच्यासाठी चित्रापेक्षा व्हॉट्सअ‍ॅपवर आवाजाचा मेसेज चालतो, हे मला खूप उशिरा कळलं.

सोम्ब्रेरो, म्हणजे मोठ्या काठाची मेक्सिकन टोपी, आणि मिरच्यांची टेम्प्लेट्स मला बघवत नाहीत. सिंको दे मायोला, म्हणजे ५ मेला, 'स्वातंत्र्यदिनाच्या शुभेच्छा' पण पाठवू नका, ती १८६२ ची पुएब्लाची लढाई, मेक्सिकोचा स्वातंत्र्यदिन १६ सप्टेंबरला, ग्वाटेमाला, साल्वादोर, होंडुरासचा १५ ला. म्हणून तर हिस्पॅनिक हेरिटेज मंथ १५ सप्टेंबरला सुरू होतो.

पैशाचं स्पष्ट सांगते, कमी मिळतात. आणि 'नॉनप्रॉफिटमधे लागलं की एच-वन-बी ला लॉटरी नाही', म्हणजे या कामाच्या व्हिसासाठी सोडतीत नंबर लागायची वाट बघायला नको, हे जे लिंक्डइनवरचे मेंटॉर सांगत फिरतात ते अर्धवट आहे, ती सूट विद्यापीठांशी जोडलेल्या किंवा संशोधन करणाऱ्या संस्थांना आहे, वस्तीतल्या मदत केंद्राला साधारणपणे नाही. त्या भरवशावर आयुष्याची आखणी करू नका. जाहिरातींचं मात्र बरं आहे, पात्र ५०१(सी)(३), म्हणजे करमुक्त धर्मादाय, संस्थेला गूगल अ‍ॅड ग्रँट्समधून महिन्याला १०,००० डॉलरपर्यंतच्या सर्च जाहिराती फुकट मिळतात, फक्त जाहिरात दिसलेल्यांपैकी क्लिक करणाऱ्यांचं प्रमाण ५ टक्क्यांखाली राहिलं तर खातं बंद होऊ शकतं. कीवर्ड, म्हणजे ज्या शोधशब्दांवर जाहिरात दिसते ते, लोक टाइप करतात तसे घ्या, स्वरांवरच्या खुणांशिवाय, इंग्रजी मिसळून.

माझ्या खऱ्या मेंटॉर म्हणजे रिसेप्शनवरच्या बाई, सगळे त्यांना मानाने दोन्या म्हणतात. फोनवर लोक काय विचारतात ते त्यांनाच माहीत. आता प्रत्येक पान छापून त्यांच्या टेबलावर ठेवते, त्या लाल पेनाने गोल करतात. परवा फुकट टॅक्स भरून देण्याच्या पत्रकावर एकच गोल होता, 'ऑफिस' या शब्दाला. त्या म्हणाल्या, हा शब्द बघून लोक सरकारी समजतील आणि येणार नाहीत, सरळ शाळेच्या मागची पिवळी इमारत लिही. लिहिलं.