घरच्या सीएनसीचा कॉम्प्युटर: वेगवान नको, वक्तशीर हवा

कोल्हापूरच्या शिरोलीला किंवा गोकुळ शिरगावला कारखान्यात व्हीएमसीवर (उभ्या सीएनसी मिलिंग मशिनवर) हात बसलेला माणूस घरी छोटं सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरनं चालणारं, मिलिंग मशीन बांधायला घेतो, तेव्हा त्याची पहिली गफलत कॉम्प्युटरपाशी होते. कारखान्यातल्या मशिनला फानुक नाहीतर सिमेन्सचा कंट्रोलर बसूनच आलेला असतो. घरच्या मशिनचं डोकं मात्र आपणच शोधायचं. मग पोराच्या गेमिंग पीसीवर डोळा जातो, नाहीतर 'जरा तगडा घेऊ' म्हणून पैसे भलतीकडे खर्च होतात. या कामाला ताकद फार लागत नाही. लागतो तो ठेका.

थोडं गणित करू. टेबल सरकवणारी स्टेपर मोटर विजेच्या एकेका ठोक्यावर, म्हणजे पल्सवर, पावलापावलानं फिरते. साधी मोटर २०० पावलांत एक फेरी पुरी करते. मोटर चालवणाऱ्या ड्रायव्हरवर ८ मायक्रोस्टेप लावले, म्हणजे एका पावलाचे आठ भाग केले, की फेरीला १६०० पल्स. टेबल ढकलणाऱ्या बॉलस्क्रूचा पिच, म्हणजे एका फेरीतली सरक, ५ मिमी असेल, तर मिलिमीटरला ३२० पल्स. टेबल मिनिटाला २४०० मिमी पळवायचं म्हटलं की सेकंदाला १२,८०० पल्स, म्हणजे दोन पल्समध्ये जेमतेम ७८ मायक्रोसेकंद. नेमका त्याच वेळी कॉम्प्युटर अपडेट शोधायला गेला, तर मोटर पाऊल चुकते. हलगीचा ठेका तुटला की लेझमीची रांग विस्कटते, तसंच. फरक इतकाच की इथं चूक लगेच दिसत नाही. साध्या स्टेपरला एन्कोडर (खरी जागा मोजून कळवणारा भाग) नसतो, त्यामुळे भोक अर्धा मिलिमीटर सरकलंय हे जॉब काढल्यावर कळतं.

आधी ठरवा: पल्स कोण देणार?

बाकी सगळं या एका प्रश्नावर अवलंबून आहे. एक तर पीसीच पॅरलल पोर्टमधून (जुन्या प्रिंटरच्या २५ पिनांच्या जोडणीतून) पल्स देईल, नाहीतर मधलं एखादं बोर्ड देईल आणि पीसी त्याला फक्त जी-कोडच्या, म्हणजे मशिनला द्यायच्या हुकुमांच्या, ओळी पुरवेल.

पहिल्यांदाच करत असाल, मशीन तीन ॲक्सिसचं (तीन दिशांना सरकणारं) असेल आणि कापायचं लाकूड, ॲक्रिलिक किंवा ॲल्युमिनियम असेल, तर माझं मत दुसऱ्या वाटेला. आर्डुइनो उनो या छोट्या बोर्डावर ग्रबल हे पल्स देणारं सॉफ्टवेअर टाकायचं. ते सेकंदाला सुमारे ३०,००० पल्सपर्यंत ठेका सांभाळतं, म्हणजे वरच्या हिशोबाच्या दुपटीहून जास्त. मग पीसी म्हणून घरातला जुना लॅपटॉपही चालतो. त्यावर युनिव्हर्सल जी-कोड सेंडर किंवा कँडल हे ओळी पाठवणारं सॉफ्टवेअर टाका, बोर्डाशी बोलायचा वेग १,१५,२०० बॉड ठेवा आणि ग्रबलच्या १००, १०१, १०२ या सेटिंगमध्ये तिन्ही ॲक्सिसचे मिलिमीटरमागे पल्स भरा. झोपेची सोय, यूएसबीची वीजबचत आणि आपोआप होणारे अपडेट, तिन्ही बंद करा. जॉब मध्येच थांबण्याची निम्मी कारणं इथंच संपतात.

पॅरलल पोर्टची वाट

ही वाट जुनी आहे, पण अजून मोडीत निघालेली नाही. लिनक्ससीएनसी हे मोफत सॉफ्टवेअर अमेरिकेच्या 'निस्ट' या मानक संस्थेत १९९०च्या दशकात सुरू झालेल्या कामातून आलं आणि आजही त्यात सुधारणा होत असतात. त्याला डेल ऑप्टिप्लेक्ससारखा जुना ऑफिस डेस्कटॉप पुरतो: ६४ बिट, दोन कोर, ४ जीबी रॅम. मागे २५ पिनांचा पोर्ट आहे का बघा. नसेल तर पीसीआय कार्ड बसवता येतं, फक्त त्याचा पत्ता (कॉम्प्युटर पोर्टला ज्या आकड्यानं ओळखतो तो) नेहमीचा ३७८ नसतो, तो शोधून भरावा लागतो.

यूएसबीवरून पॅरलल करणारी केबल घेऊ नका. मी घेतली होती. दुकानदार म्हणाला, 'प्रिंटर चालतोय, मग हे का नाही चालणार?' दोन रविवार घालवले, मोटर जागची हलली नाही. ती केबल प्रिंटरपुरतीच असते, सॉफ्टवेअरला हवा असलेला खरा पोर्ट त्यातून मिळतच नाही. पॅरलल पोर्ट असलेला जुना लॅपटॉपही टाळा. वीज वाचवण्याच्या नादात तो ठेका सोडतो.

सेकंडहँड डेस्कटॉप घ्यायला जाताना लिनक्ससीएनसी भरलेला पेनड्राइव्ह खिशात ठेवा. दुकानातच त्यावरून कॉम्प्युटर सुरू करा आणि लेटन्सी टेस्ट, म्हणजे ठेका किती चुकतो ते मोजणारी चाचणी, लावा. ती चालू असताना कॉम्प्युटरला जमेल तेवढा त्रास द्या: स्क्रीनवरच्या खिडक्या ओढा, मोठी फाइल कॉपी करा, व्हिडिओ लावा. पाच-दहा मिनिटांनी बेस थ्रेडचा (पल्स देणाऱ्या कामाचा) कमाल जिटर, म्हणजे ठेका जास्तीत जास्त किती चुकला तो आकडा, वाचा. आकडा २०,००० नॅनोसेकंदांच्या आत असेल तर डोळे झाकून घ्या. ५०,०००पर्यंत छोट्या मशिनला चालून जातं. लाखाच्या वर गेला तर तो डबा या कामाचा नाही. शेजारचा स्वस्तातला, धूळ खाल्लेला पीसी नव्यापेक्षा बरा निघाला, तर नवल वाटू देऊ नका.

आकडा काठावर असेल तर बायोसमध्ये (कॉम्प्युटर सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) शिरा. हायपरथ्रेडिंग, सी-स्टेट (प्रोसेसरची डुलकी) आणि प्रोसेसरचा वेग कमी-जास्त करणारी सोय बंद करा, पोर्ट ईपीपी मोडवर ठेवा आणि टेस्ट पुन्हा लावा. त्यानंतर लिनक्ससीएनसीच्या स्टेपकॉन्फ विझार्डमध्ये मघाचाच हिशोब भरायचा: २०० पावलं, ८ मायक्रोस्टेप, ५ मिमी पिच.

विंडोजवरचं मॅक३ हे सॉफ्टवेअर आवडणारेही बरेच आहेत. पण त्याचा पॅरलल पोर्ट ड्रायव्हर ३२ बिट विंडोजवरच चालतो. मॅक३चा पीसी इंटरनेटला जोडायचा नाही, त्यावर दुसरं काही टाकायचं नाही.

मांडणी

कॉम्प्युटर मशिनला खेटून ठेवू नका. ॲल्युमिनियमचा बारीक कीस पंख्यातून आत जातो आणि मदरबोर्डावर शॉर्ट करतो. भिंतीवर पेटी करा, हवा येते तिथं गाळणी लावा, हार्डडिस्कऐवजी एसएसडी बसवा.

उद्यमनगरासारख्या ठिकाणी वर्कशॉप असेल तर दुसरी कटकट शेजाऱ्याची. भिंतीपलीकडं वेल्डिंग सुरू झालं की यूएसबीची जोडणी तुटते आणि लिमिट स्विच (टेबल टोकाला गेलं की दाबला जाणारा) न दाबताच अलार्म देतो. यूएसबी केबल आखूड आणि शिल्ड असलेली घ्या. स्पिंडलच्या (कटर फिरवणाऱ्या मोटरच्या) व्हीएफडीची, म्हणजे तिचा वेग बदलणाऱ्या यंत्राची, वायर सिग्नलच्या वायरींपासून लांबून न्या. लिमिट स्विचच्या वायरचं शिल्ड एकाच टोकाला अर्थ करा. आणि मुळात अर्थिंग खरंच आहे का, हे इलेक्ट्रिशियनकडून मोजून घ्या. पावसाळ्यात लाइट ये-जा करते, म्हणून पीसीला यूपीएस हवाच. तरी पीसी जागा राहिला म्हणून मशीन जागेवर आहे असं समजू नका. मोटरची वीज गेली की टेबल सरकू शकतं, लाइट आल्यावर पुन्हा होमिंग करूनच, म्हणजे मशिनला शून्याची जागा नव्यानं शोधायला लावूनच, पुढं जा.

इमर्जन्सी बटणाबद्दल तडजोड नको. त्यानं ड्रायव्हरचा आणि स्पिंडलचा पुरवठा थेट तोडला पाहिजे. सॉफ्टवेअरला नुसता निरोप पाठवणारं बटण हँग झालेल्या पीसीपुढं कुचकामी आहे.

पहिली चाचणी

कटर लावू नका. स्पिंडलमध्ये बॉलपेन अडकवा, टेबलावर कागद चिकटवा आणि १०० मिमीचा चौकोन काढा. मग डायल गेज लावून शून्य धरा, टेबल पूर्ण वेगात पन्नासेक वेळा इकडून तिकडं पळवा आणि शून्यावर परत आणा. काटा जागेवर आला नाही तर आधी ॲक्सलरेशन कमी करा, मग वेग.

चौकोन ९९.८ मिमी भरला म्हणून ३२०चा आकडा लगेच बदलायची घाई करू नका. बॉलस्क्रूचा पिच ठरलेला असतो. चूक बहुधा नटमधल्या प्लेची (ढिलाईची) नाहीतर मोजण्याची असते. डायल लावून एकाच दिशेनं १० मिमी सरकवा, मग उलटं आणा. परतताना सुरुवातीला काटा जितका अडून राहील तितका प्ले.

काटा बसला की सेटिंगच्या फाइलींची एक प्रत पेनड्राइव्हवर घ्या. ग्रबल असेल तर सगळे आकडे वहीतही उतरवा आणि ती वही मशिनच्याच खणात ठेवा.