ग्रुनफेल्ड खेळताना या चुका टाळा

ग्रुनफेल्ड म्हणजे पांढऱ्याच्या डी४ला काळ्याने उत्तर द्यायचा बुद्धिबळातला एक बचाव. तो खेळून हरलेल्या मुलांचे डाव मी तपासतो तेव्हा पंधराव्या चालीच्या सुमारास बहुतेक वेळा तेच चित्र समोर येतं. काळ्याचं कॅसलिंग झालंय. एक उंट जी७वर, दुसरा बी७वर. एक घोडा सी३वर मारामारीत गेलाय आणि उरलेला डी७वर आहे. सगळे मोहरे बाहेर आलेत, कुठे काही लटकत नाही. आणि पांढऱ्याची डी४, ई४ची प्यादी मात्र जशी आली तशी उभी आहेत. त्यांना कोणी धक्काही लावलेला नाही. मग एच प्यादं पुढे येतं, वजीर डी२वर जातो, उंट एच६वर बसतो आणि पंचविसाव्या चालीला मात होते. मूल विचारतं, ‘सर, माझी एकही चाल चुकली नाही, मग हरलो कसा?’

प्रश्न खरा आहे. वेगवेगळी पाहिली तर त्यातली कुठलीच चाल घोडचूक नसते. पण या बचावात पटाचा मध्य पांढऱ्याला बक्षीस दिलेला नसतो, उसना दिलेला असतो, आणि उसनं लगेच मागावं लागतं. चार चाली थांबलात तर तो मध्य त्याच्या मालकीचा होतो.

चाली आधी पाहू. १. डी४ घोडा एफ६ २. सी४ जी६ ३. घोडा सी३ डी५. पांढरा डी५वर मारतो, काळा घोड्याने परत मारतो. पांढरा ई४ ढकलून त्या घोड्यावर येतो, घोडा सी३वर मारतो, पांढरा बी प्याद्याने परत मारतो आणि काळ्याचा उंट जी७वर येतो. सहा चालींत पांढऱ्याकडे सी३, डी४, ई४ अशी तीन प्याद्यांची भिंत तयार आहे आणि काळ्याचं एकही प्यादं मध्यावर नाही. जुन्या पुस्तकी नियमाप्रमाणे काळा वाईट आहे. १९२२ साली व्हिएन्नात अर्न्स्ट ग्रुनफेल्ड यांनी हाच बचाव खेळून पुढे जगज्जेते झालेल्या अलेखाइन यांना हरवलं, आणि बचावाला त्यांचं नाव लागलं. मुलांना मी याच्याही आधीची गोष्ट आवर्जून सांगतो. १८५५ साली कलकत्त्यात महेशचंद्र बॅनर्जी यांनी जॉन कॉक्रन यांच्याविरुद्ध तिसऱ्या चालीला हेच डी५ खेळलं होतं, जरी तो डाव कॉक्रन यांनी जिंकला. आपल्या देशी बुद्धिबळात प्यादं साधारणपणे सुरुवातीलाही एकच घर चालायचं. त्यामुळे आधी बाजूला राहून मागून मारा करण्याची सवय आपल्याकडच्या खेळाडूंच्या हातात मुरलेली असणार, असं मला मनापासून वाटतं.

डी४वरचे हल्लेखोर न मोजणं

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच, म्हणून इथे थोडं थांबू या.

सी३वर मारामारी झाली की काळ्याचं लक्ष्य ठरतं: डी४. जी७चा उंट तिकडे बघतोच आहे. सी५ खेळलं की दुसरा हल्लेखोर आला. घोडा सी६वर आला की तिसरा. उंट जी४वर गेला की डी४ राखणारा एफ३चा घोडा बांधला जातो, म्हणजे तो हलला तर मागचा मोहरा धोक्यात येतो. वजीर बाजूला होऊन हत्ती डी८वर आला की आणखी एक हल्लेखोर मिळतो. काळ्याच्या प्रत्येक मोहऱ्याला एकच काम आहे आणि ते एकाच घरावर आहे. आता मघाच्या मुलाचा डाव आठवा. घोडा सी६ऐवजी डी७वर, उंट जी४ऐवजी बी७वर आणि सी५ खेळलेलंच नाही. डी४वर हल्लेखोर एकच, तो जी७चा उंट, आणि समोर सी३चं प्यादं डी४ला भक्कम आधार देऊन उभं.

सवय अशी लावून घ्या: सातव्या चालीपासून दर चालीला डी४वर माझे किती आणि त्याचे किती, हे बोटांवर मोजायचं. सी५ सातव्या-आठव्या चालीपर्यंत यायलाच हवं. त्याआधी कॅसलिंग केलं तर चालेल, पण बी६, ए६, हत्ती ई८ यांपैकी काही खेळत बसलात तर पांढऱ्याला फुकट वेळ मिळतो.

याच चुकीचं दुसरं रूप म्हणजे घाईने डी४वर मारणं. सी प्याद्याने डी४वर मारलंत आणि पांढऱ्याने सी प्याद्याने परत मारलं की त्याचं सी३वरचं अशक्त प्यादं नाहीसं होतं आणि मध्य आणखी भक्कम दिसतो. मारायचंच असेल तर त्यानंतरच्या चालीत काही मिळायला हवं: शह, बांधलेला घोडा किंवा हत्तीसाठी सी फाइल, म्हणजे सीची मोकळी उभी रांग. नाहीतर तणाव तसाच ठेवा. पांढऱ्याला दर चालीला डी४ची काळजी करू द्या.

सी३वर घोडा नसतानाही डी५

हा बिघाड ऑनलाइन झटपट डावांत फार दिसतो. मुलं चाली पाठ करतात पण पांढऱ्याची चाल बघत नाहीत. समजा पांढऱ्याने तिसऱ्या चालीला घोडा सी३ऐवजी एफ३वर काढला. काळा सवयीने डी५ खेळतो. पांढरा मारतो, घोडा परत मारतो, ई४ येतं. आता सी३वर मारायला घोडाच नाही! काळ्याच्या घोड्याला बी६ किंवा एफ६वर माघार घ्यावी लागते. पांढऱ्याला पूर्ण मध्य मिळतो, शिवाय त्याचा घोडा नंतर आरामात सी३वर येतो आणि प्याद्यांची रचनाही मोडत नाही.

उपाय सोपा आहे. घोडा एफ३वर आला तर उंट जी७ खेळा आणि वाट बघा. घोडा सी३वर आला की मग डी५. तिसऱ्या चालीला पांढरा घोड्याऐवजी प्यादंच एफ३वर खेळला तर तो ग्रुनफेल्डच टाळतोय हे ओळखा. २०१२च्या मॉस्कोतल्या जगज्जेतेपदाच्या लढतीत तिसऱ्या डावात आनंदने गेल्फंडविरुद्ध नेमकं हेच केलं, आणि गेल्फंडने डी५ न खेळता सी५ खेळून डाव वेगळ्याच वाटेला नेला.

याच्या उलट चूकही होते. सी३वर मारायची इतकी सवय लागते की मारू नये तिथेही हात जातो. पाचव्या चालीला पांढरा उंट डी२ खेळला तर तो म्हणतोय, ‘तू सी३वर मार, मी उंटाने परत मारतो.’ तसं झालं तर त्याचा उंट तुमच्या जी७च्या उंटासमोर येऊन उभा राहतो आणि मारा करायला अशक्त प्यादंच उरत नाही. इथे उंट जी७ खेळा, आणि ई४ आलं की घोडा बी६वर घ्या. वजीर आणि डी४ यांच्या मध्ये आलेल्या डी२च्या उंटाला पुन्हा हलावं लागतं, तोच तुमचा फायदा.

वजीर बी३वर आला की घाबरणं

रशियन पद्धत म्हणतात ती ही. पांढरा घोडा एफ३ आणि मग वजीर बी३ खेळून डी५वर दाब वाढवतो. नवीन खेळाडूचा हात लगेच ई६कडे जातो, कारण प्यादं वाचवायचं असतं. पण ई६ने सी८चा उंट कोंडला गेला आणि ग्रुनफेल्ड संपलं. सी६ भक्कम आहे, पण ते वेगळ्याच स्वभावाचं खेळणं आहे. खरी चाल म्हणजे सी४वर मारून टाकणं. वजीर परत मारतो, पांढरा ई४ खेळतो, मध्य त्याचा झाला. पण त्याचा वजीर आता चौथ्या ओळीत उघड्यावर आहे. तुम्ही त्याला हाकलत हाकलत आपले मोहरे बाहेर काढता: घोडा ए६, किंवा ए६ खेळून मागून बी५, किंवा उंट जी४ आणि घोडा डी७-बी६.

या पद्धतीचा धसका घ्यायचं कारण नाही, पण तिला कमी लेखूही नका. १९८६च्या जगज्जेतेपदाच्या लढतीत कार्पोव्हविरुद्ध ग्रुनफेल्डमध्ये डाव गमावल्यानंतरही कास्पारोव्हने पुढच्या वर्षी सेव्हिलला पुन्हा तोच बचाव काढला.

मिळालं म्हणून खाणं

आठव्या चालीला पांढरा हत्ती बी१वर नेतो तो प्रकार घ्या. उंट ई२, मध्यावर मारामारी, मग वजिराचा ए५वरून शह, उंट डी२वर मध्ये येतो आणि ए२चं प्यादं फुकट पडलेलं असतं. ते खाणं चूक नाही. मोठे खेळाडूही खातात. ते खाऊन झालं की काम संपलं असं समजणं ही चूक. पांढऱ्याचं कॅसलिंग होतं, त्याच्याकडे मध्य आहे, दोन उंट आहेत, आणि तुमचा वजीर ए२वर एकटा भटकतोय. पुढच्याच चालींत उंट जी४वर काढून डी४वर पुन्हा दाब आणायचा हे आधी ठरलेलं नसेल तर त्या प्याद्याला हात लावू नका.

त्याहून धोक्याचा मोह ए१च्या हत्तीचा. पांढरा उंट सी४वर आणि घोडा ई२वर ठेवतो त्या जुन्या मुख्य प्रकारात काळ्याचा उंट ई६वर आला की पांढरा डी५ ढकलतो आणि आपला हत्ती जी७च्या उंटासमोर मुद्दाम उघडा टाकतो. मारला की पांढरा वजीर ए१वर परत मारतो आणि ज्या कर्णावर तुमचा उंट होता त्याच कर्णावर आता त्याचा वजीर बसतो. एफ६ खेळावं लागतं, उंट एच६वर येतो, आणि राजाभोवतीची काळी घरं राखणारा कोणी नसतो. थिअरीत काळा तग धरतो, पण या चाली माहीत नसताना तो हत्ती खाणं म्हणजे घराचा दरवाजा विकून पैसे घेण्यासारखं आहे. जी७चा उंट हाच तुमचा अर्धा ग्रुनफेल्ड आहे. तो देताना दोनदा विचार करा.

डी५ ढकललं गेल्यावर गप्प बसणं

कधीतरी पांढरं डी प्यादं पुढे जातंच. त्याला तसंच राहू दिलं तर ते काट्यासारखं रुततं. ई६ने लगेच धक्का द्या. मारामारीनंतर पांढऱ्याचं डी प्यादं मोकळं सुटलं तर त्याच्यासमोर डी६वर घोडा किंवा उंट पक्का बसवा. ते अडवलेलं असेपर्यंत तुमची ए आणि बी प्यादी विरुद्ध त्याचं एकटं ए प्यादं हा हिशेब तुमच्या बाजूने आहे.

वजिरांची मारामारी झाली की धोका टळला, हा समज मात्र काढून टाका. ए५ आणि डी२वर वजीर समोरासमोर येणाऱ्या प्रकारांत पांढरा राजा परत मारून डी२वर येतो आणि तिथून थेट लढाईत उतरतो. तुमचा जी८वर कॅसलिंग करून बसलेला राजा मात्र दोन-तीन चाली मागे असतो. अशा वेळी राजा एफ८वरून मध्याकडे आणायला उशीर करू नका.

पाठ आहे, पण का ते माहीत नाही

हे कोणालाही होऊ शकतं. २४ एप्रिल २०१०, सोफिया. आइसलँडच्या ज्वालामुखीच्या राखेने विमानं बंद पडली होती आणि आनंद फ्रँकफर्टहून रस्त्याने तिथे पोहोचला होता. जगज्जेतेपदाच्या लढतीच्या पहिल्या डावात टोपालोव्हविरुद्ध त्याने ग्रुनफेल्ड खेळला. तेविसाव्या चालीला तयारीतला क्रम उलटा झाला: उंट डी७ आधी हवा होता, तिथे राजा एफ७वर गेला. टोपालोव्हने घोडा एफ६वर झोकून दिला आणि तिसाव्या चालीला डाव संपला. दहाव्या डावात आनंद पुन्हा ग्रुनफेल्ड खेळला, बरोबरी साधली, आणि लढत ६.५-५.५ अशी जिंकली.

तुमच्या-माझ्या पातळीवर इतक्या खोल चाली लागत नाहीत. पण पाठ केलेल्या प्रत्येक चालीपुढे एक ओळ लिहून ठेवा: ही चाल डी४साठी, ही वजिराला हाकलण्यासाठी, ही राजासाठी. जिच्यापुढे काही लिहिता येत नाही ती चाल तुम्ही ऐन डावात विसरणार.

पांढऱ्यांनीही हे बघावं

मोठा मध्य मिळाला की पांढरे निर्धास्त होतात. १९५६ साली न्यूयॉर्कमध्ये डोनाल्ड बर्न यांचंही तसंच झालं. समोर तेरा वर्षांचा बॉबी फिशर होता. डी४, ई४वर प्यादी, वजीर सी५वर, हत्ती डी१वर, सगळं देखणं. पण राजा अजून ई१वर. अकराव्या चालीला बर्न यांनी आधीच बाहेर काढलेला उंट पुन्हा हलवून जी५वर नेला. फिशरने घोडा ए४वर टाकला. तो मारला असता तर दुसऱ्या घोड्याने ई४चं प्यादं खाऊन एकाच वेळी वजीर आणि उंट दोघांवर हल्ला केला असता. वजीर मागे गेला, सी३वर मारामारी झाली, ई४ पडलं आणि मध्यात अडकलेल्या राजावर ई फाइल उघडली. सतराव्या चालीला फिशरने वजीरच देऊन टाकला आणि एक्केचाळिसाव्या चालीला मात केली. अकराव्या चालीला उंट ई२ आणि मग कॅसलिंग, एवढंच पुरे होतं.